कडीची उंची : भावाच्या शुश्रूषेतून सर्वसमावेशक रचनेकडे

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, तो नुसता आठवणींचा नसावा, विद्यार्थ्यांना व पालकांना त्यातून काही शिकता यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. गेली वीस-बावीस वर्षे मी वास्तुकलेच्या ज्या शाखेत काम करते तिला सर्वसमावेशक रचना म्हणतात. इमारत, रस्ता, वाहन किंवा एखादी साधी वस्तू अशी घडवायची की अपंग, वृद्ध, गरोदर, आजारी अशा कोणालाही ती शक्यतो दुसऱ्याच्या मदतीवाचून वापरता यावी, एवढाच तिचा सरळ अर्थ. या विषयावरील पुस्तके मी पुढे वाचली. परंतु विषय शिकवला तो माझ्या धाकट्या भावाने. म्हणून आठवणी पूर्णपणे वगळता आल्या नाहीत, याबद्दल संपादकांनी क्षमा करावी. भावाचे नाव मात्र येथे येणार नाही. "लेख लिही, पण माह्यं नाव टाकू नको, लोक मंग भेटाले येतात," अशी अटच त्याने घातली आहे.

त्याचा जन्म १९८० चा. दीड वर्षाचा असताना ताप आला आणि दोन्ही पायांतील बळ गेले. देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली ती १९९५ साली. २०११ च्या जानेवारीनंतर नवा रुग्ण आढळला नाही आणि २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ही मोठीच गोष्ट झाली. पण मोहिमेच्या आधी जन्मलेली जी मुले सापडायची ती सापडली, आणि ती आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. आपल्या प्रत्येक गावात त्यांतील एक-दोघे तरी असतील. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रातील आकडा २९ लाखांहून अधिक होता.

मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. मी तिसरीत गेले तेव्हा त्याचे नाव पहिलीत घातले, आणि त्याला शाळेत नेण्याचे काम माझ्याकडे आले. आई-वडील दोघेही कापसाच्या रोजमजुरीवर. सकाळी साडेसातला घर सोडत. मी त्याला पाठंगुळीला घेऊन जाई. वाटेत एक नाला होता, पुढे चढण, मग शाळेच्या तीन पायऱ्या. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला धरून ठेवी. चप्पल हातात आणि भाऊ पाठीवर. दोन वर्षे मी हे केले. त्यात काही थोर होते असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. घरोघरी मोठ्या बहिणी अशाच असतात.

एक गोष्ट मात्र त्या दोन वर्षांत माझ्या अंगात मुरली. पाठीवरच्या मुलाचे पाय दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात आणि दार अरुंद असेल तर गुडघे चौकटीवर आपटतात. त्यामुळे गावातील कोणते दार किती रुंद, कोणता उंबरठा किती उंच, कोणत्या ओट्यावर त्याला टेकवून दम खाता येतो, हे मला तोंडपाठ होते. इमारतीत फिरून तिच्यातील अडथळे मोजण्याच्या कामाला आमच्या व्यवसायात सुगम्यता परीक्षण म्हणतात. ते मी फूटपट्टी हाती येण्यापूर्वीच करू लागले होते.

चौथीनंतर आपल्या निवासी विद्यालयात माझी निवड झाली. गावातील मुलींत मी पहिलीच. पत्र्याची पेटी, दोन फ्रॉक, गुरुजींनी दिलेली कंपासपेटी. एस. टी.त बसताना भाऊ वडिलांच्या कडेवर होता आणि हसत होता. दिवाळीच्या सुटीत घरी गेले तेव्हा त्याचे दप्तर खुंटीला अडकवलेले दिसले. मी गेले त्या आठवड्यापासून तो शाळेत गेलाच नव्हता. न्यायला कोणी नव्हते. यावर घरात कोणी काही बोलले नाही. मीही विचारले नाही. आपल्या शाळेने मला जे दिले त्याबद्दल या स्मरणिकेत पुष्कळ जण लिहितील आणि ते खरेच आहे. पण माझ्या शिक्षणाची किंमत दुसरी पास झालेल्या एका मुलाने भरली, हेही त्याच हिशेबात मांडायला हवे.

याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. वसतिगृहातील मैत्रिणींना मी सहा वर्षे सांगत राहिले की मला एक भाऊ आहे. तो चालत नाही, हे कधीच सांगितले नाही. कोणी चिडवेल ही भीती होती, आणि थोडी लाजही. हे लपवणे केवळ माझे किंवा आपल्या समाजाचे नाही, हे फार उशिरा कळले. जपानमधील इवाते प्रांतात ताकाया आणि फुमितो मात्सुदा हे जुळे भाऊ आहेत. त्यांचा थोरला भाऊ शोता याला स्वमग्नता व तीव्र बौद्धिक अपंगत्व आहे. अशा भावाविषयी चारचौघांत मोकळेपणाने बोलणे त्यांनाही शाळकरी वयात जड गेले. पुढे २०१८ साली त्यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या चित्रकारांची चित्रे कापडावर, वस्तूंवर, इमारतींच्या भिंतींवर आणणारा आणि त्याचा मोबदला त्या चित्रकारांना देणारा उद्योग सुरू केला. त्याचे नाव 'हेराल्बोनी'. या शब्दाला अर्थ नाही. थोरल्या भावाने लहानपणी आपल्या वहीत तो लिहून ठेवला होता. भावंडाची लाज वाटलेले मूल पुढे आयुष्यभर त्या लाजेची परतफेड करीत राहते, असे मला माझ्यावरून वाटते. ती परतफेड दयेची झाली तर फुकट जाते.

दहावी-बारावीनंतर नागपूरला वास्तुकलेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. तेथे अमेरिकेतील वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस यांच्याविषयी वाचले. नवव्या वर्षी पोलिओ झालेले मेस चाकाच्या खुर्चीवरून वास्तुकला शिकले, आणि त्यांच्या महाविद्यालयात वर्गापर्यंत जाण्यासाठी त्यांना जिन्यावरून उचलून न्यावे लागे. इमारती कशा बांधाव्यात हे शिकवणाऱ्या इमारतीतच त्यांना जाता येत नव्हते! पुढे त्यांनीच अशा रचनेच्या विचाराला 'युनिव्हर्सल डिझाइन' हे नाव रूढ केले, आणि १९९७ मध्ये त्यांच्यासह काही तज्ज्ञांनी तिची सात तत्त्वे मांडली. मी ते वाचले तेव्हा मला मेस यांच्यापेक्षा त्यांना उचलणाऱ्यांचा विचार अधिक आला. उचलणाराच एक दिवस गावाहून निघून गेला तर काय होते, हे मला ठाऊक होते.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुटीत मी वडिलांच्या मदतीने घराला उतार बांधला. भावाला तोवर एका शिबिरात चाकाची खुर्ची मिळाली होती. आपल्याकडील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाणीही साचते. म्हणून जुनी माणसे जोते उंच बांधत. आमचे जोते दीड फूट. मी अंगणात मावेल तेवढा, पाच फूट लांबीचा, विटा-सिमेंटचा उतार केला. भावाने पहिल्याच दिवशी खुर्ची वर ढकलली, पुढची चाके उचलली गेली आणि तो पाठीमागे पडला. कोपर फुटले. पाच फुटांत दीड फूट चढ म्हणजे साधारण सव्वातीनास एक. मान्य प्रमाण बारास एक आहे, तेही सर्वांत तीव्र म्हणून: एक इंच उंचीला किमान बारा इंच लांबी. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट लागतात. हे गणित मला परीक्षेत आले असते. घरी आले नाही.

अठरा फुटांचा सिमेंटचा उतार आमच्या अंगणात मावत नव्हता आणि परवडतही नव्हता. उपाय वडिलांनी काढला. त्यांनी दोन बैलगाड्या मुरूम आणला आणि विहिरीकडच्या कुंपणापासून भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत अंगणच हळूहळू उंच करत नेले. पाणी मारून, धुमसून तो भराव बसवला. बाहेरच्या कडेला दगड लावले. पाहणाऱ्याला तेथे उतार आहे हे कळतही नव्हते. त्यावरून भाऊ आला, पण आजीही आली. आईची पाण्याची घागर आली, वडिलांची सायकल आली, कापसाचे गाठोडे आले. २०११ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतासाठी या विषयाची पाच तत्त्वे मांडली: समान, सहज, सांस्कृतिक, सस्ता, सुंदर. ती वाचताना मला तो मुरूम आठवला. पुढे गावातील विहाराच्या जोत्यालाही तसाच भराव घातला गेला, आणि १४ एप्रिलला विहाराबाहेर बसून राहणारी तीन-चार माणसे आत येऊ लागली. त्यात अपंग एकटा माझा भाऊच होता. बाकीच्या गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या बाया होत्या.

आता लेखाच्या शीर्षकातील कडीविषयी. काही वर्षांनी घरामागे शौचालय बांधले गेले. तोवर मी पदवीधर झाले होते आणि स्वतःला या विषयातील जाणकार समजत होते. दार रुंद ठेवले, आत भिंतीला आधाराचा लोखंडी दांडा लावला, बसायची सोय केली. भावाला दाखवले. त्याने सगळे पाहिले आणि म्हणाला, "ताई, सारं बेस हाय, पण कडी कोन लावन?"

मी कडी जमिनीपासून साडेतीन फुटांवर लावली होती. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात तेथे सहज पोचतो, पुस्तकात तसेच आहे. पण माझा भाऊ घरात खुर्ची वापरत नाही. आपल्याकडील पोलिओ झालेली पुष्कळ माणसे घरात जमिनीवर, हातांच्या आधाराने सरकत वावरतात. खुर्ची किंवा तीनचाकी सायकल बाहेरसाठी. जमिनीवर बसून त्याचा हात फार तर अडीच फुटांवर जातो. वयाच्या पंचविशीपर्यंत तो माणूस दार लोटून, कोणी येऊ नये म्हणून आतून खाकरत बसत होता, आणि त्याला उचलणाऱ्या, त्याला जपणाऱ्या आम्हा कोणालाही हे कधी सुचले नव्हते. मी त्याची शुश्रूषा केली असे नातेवाईक म्हणत. त्याला हवी होती ती आतून लावायची कडी. ती मी त्याच दिवशी काढून पावणेदोन फुटांवर बसवली. दहा मिनिटांचे काम होते.

तेव्हापासून माझी कामाची पद्धत बदलली. एखादी इमारत तपासायला जाते तेव्हा मोजमापाची पट्टी काढण्यापूर्वी मी तेथे वावरणाऱ्या अपंग व्यक्तीला विचारते की सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता. रचनेत काय हवे ते लोक सहसा सांगत नाहीत, कारण मागण्याची सवयच मोडलेली असते. दिवस सांगतात. त्यात कोठेतरी कडी असते. दृष्टिहीन मुलीला खोलीचा नंबर हाताने चाचपता यावा असा उठावाचा हवा असतो. ऐकू न येणाऱ्या मुलाला दाराची घंटा दिव्याने कळायला हवी असते. कुष्ठरोगाने ज्यांच्या हातांतील संवेदना गेली आहे त्यांना गरम भांड्याचा चटका कळत नाही, म्हणून पेल्याला लाकडी मूठ लागते आणि खुरप्याच्या दांड्याला जाड कापड. वणीच्या पुढे वर्धा नदी ओलांडली की वरोरा येते. तेथील आनंदवनात, ज्यांना समाजाने गावाबाहेर काढले होते त्या कुष्ठरुग्णांनी शेती केली, माग चालवले. बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती १९४९ साली स्थापन केली, म्हणजे 'युनिव्हर्सल डिझाइन' हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात हे असताना आपण हा विषय परदेशी समजतो, याची मला गंमत वाटते.

मी केलेली दुसरी चूकही सांगून टाकते. घरकुलाचे पक्के घर झाले तेव्हा स्वयंपाकघरात मी आईसाठी उभ्याने काम करायचा ओटा काढून दिला. आईचे गुडघे वाचले. पण भावाच्या हातून स्वयंपाक गेला. जमिनीवरच्या चुलीवर तो उत्तम भाकरी थापत असे. आई रोजावर गेली की घर तोच सांभाळी. ओट्यामुळे तो एका दिवसात खाणारा माणूस झाला. वर्षभर मला हे लक्षातच आले नाही. मग मागच्या सपरात जमिनीलगतची चूल पुन्हा घातली. आता आई ओट्यावर भाजी करते आणि भाकरी सपरातून येते. सुधारणेने कोणाची सोय होते हे आपण पाहतो. कोणाची गेली हेही पाहावे.

कायद्याविषयी थोडक्यात. अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा १९९५ चा. संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार २००६ मध्ये झाला. भारताने तो २००७ मध्ये स्वीकारला. त्यानुसार आलेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. सार्वजनिक इमारती सुगम्य करणे आता उपकार नसून कर्तव्य आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला की सुगम्यतेची मानके केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत. बंधनकारक किमान मानके सरकारने ठरवावीत. हे सारे मी भावाला समजावून सांगितले. अपंग म्हणावे की दिव्यांग, या वादात त्याला रस नाही.

एकवीस प्रकारांपैकी एकाकडे येथील पालकांचे लक्ष मुद्दाम वेधते. सिकलसेल हा आजार त्या यादीत आहे, आणि विदर्भात आदिवासी व बौद्ध समाजात त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलचे मूल वरून धडधाकट दिसते. पण पाणी कमी पडले, थंडी बाधली किंवा फार दमणूक झाली की त्याला असह्य वेदनांचे झटके येऊ शकतात. वसतिगृहात अशा मुलाची खोली तिसऱ्या मजल्यावर असेल, पिण्याचे पाणी तळमजल्यावर असेल आणि थंडीत आंघोळीला गार पाणी मिळत असेल, तर ती रचनाच त्याला आजारी पाडते. खोली खाली देणे, पाणी मजल्यावर ठेवणे, तासाच्या मध्ये पाणी पिण्यास व लघवीस जाऊ देणे, यास खर्च जवळजवळ नाही.

या वाटेने येऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी दोन शब्द. वास्तुकलेसाठी बारावीला गणित हवे आणि नाटा ही परीक्षा द्यावी लागते. वस्तुरचनेसाठी मुंबईच्या आय. आय. टी.त १९६९ पासून औद्योगिक रचना केंद्र आहे. तेथील पदवी अभ्यासक्रमाची यूसीड परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते. अपंग व्यक्तीला रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून साधने व सराव देणारे व्यवसायोपचाराचे शास्त्रही याच्या अगदी जवळचे आहे. त्याचे शिक्षण आपल्या देशात १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी सुरू केले. मात्र घरात अपंग भावंड आहे म्हणून हेच क्षेत्र घ्यावे, असे कोणी मुलाला सांगू नये. काही मुलांना त्या घरापासून थोडे दूर जाण्याची गरज असते आणि तीही रास्त असते. पालकांना एवढेच विचारते की धडधाकट मूल शिकायला बाहेर पडते तेव्हा घरी राहणाऱ्या मुलाला शाळेत कोण नेणार, हे त्याच दिवशी ठरवता का? आमच्या घरी कोणी ठरवले नाही.

भावाने पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. आज तो शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंडिंग करतो. जमिनीवर बसून करायचे काम आहे आणि हात त्याचे पक्के आहेत. खरिपात त्याच्याकडे रांग असते. मुरमावरून लोक मोटारी हातगाडीवर थेट आत आणतात.

गेल्या महिन्यात शाळेत येऊन मी दर्शनी भागाची मापे घेतली. चार पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच. म्हणजे दोन फूट. किमान चोवीस फूट उतार लागेल. मी तीस धरला आहे, मध्ये सपाट टप्पा आणि दोन्ही बाजूंना कठडा. सरळ रेषेत गेले तर कडुनिंब तोडावा लागतो, म्हणून उतार त्याला वळसा घालून काढला आहे. त्या टप्प्यावर सावलीही मिळेल. आराखडा कार्यालयात दिला आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना मुरूम, दगड किंवा मजुरी द्यायची असेल त्यांनी तेथेच विचारावे. स्मरणिकेच्या प्रकाशनाला भावाला घेऊन येणार आहे. मी वसतिगृहात होते तेव्हा तो येथे कधी आला नव्हता. येण्याचे कबूल करण्याआधी त्याने फोनवर उताराची चौकशी केली नाही. "तिथल्या संडासाची कडी केवढ्यावर हाय?" एवढेच विचारले. मी मोजली नव्हती. शिपाईमामांना सांगून ठेवले आहे.